पोरांना नुसतं गुंतवून ठेवायचं, की त्यांच्यावर काही सोपवायचं?

ठाण्यात किसननगर, लोकमान्यनगर, कळवा किंवा पुढे नवी मुंबईत दिघा, तुर्भे स्टोअर, अशा कुठल्याही वस्तीत वयात आलेल्या पोरांसाठी काही सुरू करायचं म्हटलं की वाक्यं ठरलेली असतात. ‘दिवसभर मोबाईलमध्ये डोकं’, ‘नाक्यावर टवाळक्या करत उभी राहतात’, ‘नशेच्या नादी लागू नयेत म्हणून काहीतरी पाहिजे’. हेतूबद्दल वाद नाही. पण या बोलण्यात तेरा ते एकोणीस वर्षांचं पोर म्हणजे एक होऊ घातलेली भानगड, आणि ती टळली की आपलं काम झालं, असं गृहीत धरलेलं असतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयाच्या अभ्यासकांनी हे गृहीतकच उलटं केलं. त्यांच्या विचाराला ‘सकारात्मक युवा विकास’ असं जडशीळ नाव आहे. नाव जड असलं तरी आतला मुद्दा आपल्या गल्लीतल्या मंडळांना, पथकांना आणि अभ्यासिकांना नेमका लागू पडतो.

पोर वयात आलं की घरात वादळ शिरतं, ही समजूत आपल्याकडे जुनीच. अमेरिकेत तिला शास्त्राचा शिक्का मिळाला तो १९०४ साली, जी. स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणातून. त्यानंतर बराच काळ पैसा आणि संशोधन दोन्ही ‘हे होऊ नये, ते होऊ नये’ यावर खर्च झालं. व्यसन होऊ नये, गुन्हा होऊ नये, शाळा सुटू नये, आणि प्रत्येकासाठी वेगळा कार्यक्रम. १९९० च्या सुमारास कॅरन पिटमन या अमेरिकी कार्यकर्तीने एक साधा प्रश्न पुढे केला. समजा हे सगळं जमलं. मुलगा दारू पीत नाही, मारामारी करत नाही, शाळेत जातो. मग तो आयुष्याला तयार झाला का? आपल्या शेजारीपाजारी अशी पोरं असतातच. निर्व्यसनी, गुणी, आणि बारावीनंतर बँकेत एक फॉर्म भरायला पाठवलं तर घाम फुटणारी. त्यांच्यासाठी कुठलीच योजना नसते, कारण त्यांचा कुणाला त्रास नसतो.

दुसऱ्या बाजूने पुरावा आला तो हवाईतल्या कवाई बेटावरून. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग पुढे कित्येक दशकं ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, असं सगळं एकदम वाट्याला आलेली मुलं त्यात बरीच होती. तरीही अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे कर्ती, माया लावणारी, धडपणे संसार करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं हे शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या. एक तरी मोठं माणूस त्यांना धरून राहिलं होतं. ते आईवडीलच असतील असं नाही. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाची शेजारीण. आणि अशा अनेक मुलांवर लहानपणीच काहीतरी खरं काम येऊन पडलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखं, जे त्यांनी केलं नाही तर कुणाचं तरी अडलं असतं.

माझ्या मते या विषयाचा गाभा या दोन गोष्टींतच आहे. टिकून राहणारं माणूस, आणि आपल्यावाचून अडेल असं काम. फुटबॉल, नाटक, रोबोटिक्स, स्पोकन इंग्लिश हे सगळं त्याच्या भोवतीचं निमित्त. निमित्त चांगलं असावं, पण तेवढ्यावर भागत नाही.

अभ्यासकांनी पुढे याद्या केल्या. मिनियापोलिसच्या सर्च इन्स्टिट्यूटने मुलाला वाढायला लागणाऱ्या ४० गोष्टी मोजल्या. निम्म्या बाहेरून मिळणाऱ्या, निम्म्या आतून घडणाऱ्या. टफ्ट्स विद्यापीठाच्या रिचर्ड लर्नर यांनी पाचांत आवरलं: काही नीट करता येणं, स्वतःवर विश्वास, माणसांशी घट्ट नाती, बऱ्यावाइटाची चाड आणि दुसऱ्याबद्दल कणव. हे पाच अंगी आले की पोर आपल्या घराला, वस्तीला काहीतरी परत देऊ लागतं, हा त्यांचा सहावा मुद्दा. पालकसभेत सांगायला पाचांची यादी बरी. चाळीसांची वाचून दाखवली तर निम्मे पालक उठून जातील.

मेंदूचं थोडं सांगायला हवं, कारण ‘या वयात डोकं फिरतं’ ही तक्रार त्याच्याशी जोडलेली आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग छापला. किशोरवयीन मुलं, विशीतली मुलं आणि त्याहून मोठी माणसं यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा सिग्नल लागल्यावरही पुढे जात राहायचं की थांबायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना तिन्ही गटांनी घेतलेला धोका साधारण सारखाच. शेजारी समवयस्क बसवले की किशोरांचा धोका एकदम वाढला. मोठ्यांच्या खेळात फरक पडला नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला धोका कळत नाही असं नव्हे. मित्रांच्या नजरेत आपण कोण, हे त्या वयात फार मोलाचं असतं. घोडबंदर रोडवर तिघं एका बाईकवर का बसतात, याचं उत्तर यातच आहे. आता हाच स्वभाव दुसरीकडे वापरून पाहा. मित्रांच्या देखत मान मिळेल असं खरं काम दिलं, तर तेच पोर पहाटे पाचला उठून येतं.

२००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमलेल्या एका समितीने, जॅकलिन एक्लस तिच्या अध्यक्ष होत्या, वस्तीपातळीवरचे युवा कार्यक्रम तपासले आणि मुलं जिथे वाढतात त्या जागेची आठ लक्षणं सांगितली. तिथे मार, छळ, टिंगल यांची भीती नसावी. नियम असावेत, ते वयाला साजेसे आणि सगळ्यांना सारखे असावेत. मोठ्यांचा जिव्हाळा असावा. जात, धर्म, भाषा, मुलगा-मुलगी काहीही असो, ‘ही जागा माझी’ असं वाटावं. शिव्या, उशीर, कॉपी यांबद्दल तिथली रीत ठाम असावी. काहीतरी शिकायला मिळावं. घर, शाळा आणि हा उपक्रम यांची तोंडं तीन दिशांना नसावीत. आणि आपल्या असण्याने फरक पडतो हे मुलाला कळावं. शेवटचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आपल्याकडच्या बहुतेक उपक्रमांत तेच नसतं. पोरांना नाश्ता मिळतो, टी-शर्ट मिळतो, प्रमाणपत्र मिळतं. एखादं पोर आलं नाही तर मात्र कुणाचंच काही अडत नाही.

या आठ लक्षणांवर घासून बघायला ठाण्यात सगळ्यात चांगलं उदाहरण गोविंदा पथकाचं. (नाक मुरडू नका, थोडं थांबा.) गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. रोज रात्री ठरलेल्या वेळी, कामावरून सुटलेली, कॉलेजातून आलेली, रिक्षा लावून आलेली माणसं एका मोकळ्या जागेत जमतात. पंधरा वर्षांचा पोरगा आणि चाळिशीचा कामगार एकाच पथकात. खालच्या थराला वजनदार, मुरलेली माणसं. वर चपळ पोरं. कुणी कुठे उभं राहायचं हे अंगकाठी आणि सराव बघून प्रशिक्षक ठरवतो, कुणाच्या वडिलांची ओळख बघून ठरवून चालत नाही. ठरवलं तर थर कोसळतो. दुसऱ्या थरातला एक जण आला नाही तर त्या रात्रीचा सराव अडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सगळे मिळून विचारतात. ‘मी आलो नाही तर अडतं’ हे त्या पोराला भाषण न करता समजतं. सरावाला पिऊन आलेल्याला शहाणा प्रशिक्षक थरात उभा करत नाही. समितीच्या आठांपैकी पाच-सहा लक्षणं इथे कुणीही अहवाल न वाचता जमवलेली असतात. मुलींची पथकंही आता चांगले थर लावतात.

उरलेली दोन-तीन मात्र सोडून देण्यासारखी नाहीत. पहिली सुरक्षा. वर चढणाऱ्या पोराचा जीव टांगणीला असतो. २०१७ साली राज्य सरकारने उच्च न्यायालयात १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढू देणार नाही असं सांगितलं, आणि २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. हेल्मेट, गाद्या, दोर, विमा यांची चर्चा त्यातून वाढली हे चांगलंच. दुसरी गोष्ट बक्षिसांची. हंडी कुणाची, बॅनरवर फोटो कुणाचा, यात पोरांची मेहनत कुणाच्या तरी ताकदीचं प्रदर्शन होऊन बसते. तिसरी सगळ्यात मोठी: गोपाळकाला झाला की संपलं. गणपतीत थोडं काम, नवरात्रात थोडं, आणि मग मंडळाच्या खोलीला कुलूप. दीड-दोन महिने जी घडी बसलेली असते ती पुढचे आठ-नऊ महिने विस्कटून पडते. ज्या प्रशिक्षकाचा शब्द पोरं झेलतात, त्याने डिसेंबरात एकदा ‘अभ्यास कसा चाललाय’ विचारलं तर काय होईल, याचा विचार फार कमी मंडळं करतात. काही करतात. खोलीत अभ्यासिका चालवतात, रक्तदान शिबिराचा सगळा हिशोब पोरांकडे देतात. तिथला फरक नजरेला दिसतो.

पथकातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे सगळ्या वयांची माणसं मिसळलेली असतात. याचं महत्त्व कळायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला एक जुना प्रयोग बघावा लागतो. १९३९ साली केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत ५०६ मुलगे निवडले. निम्म्यांना मदत, निम्म्यांना काहीच नाही. कोण कुठल्या गटात हे नाणं उडवून ठरवलं. मदतीच्या गटातल्या मुलाकडे समुपदेशक महिन्यातून दोनदा जायचा, अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिर, सगळं. काम सरासरी पाचेक वर्षं चाललं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ते मुलगे, म्हणजे आता मध्यमवयीन पुरुष, शोधून काढले. बहुतेकांनी सांगितलं की त्या कार्यक्रमाचा फार उपयोग झाला. नोंदी तपासल्या तेव्हा उलटं निघालं. पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूचं व्यसन, लवकर मृत्यू, अशा बऱ्याच बाबतींत मदत मिळालेला गटच मागे होता. पुढच्या विश्लेषणात सगळ्यात जास्त नुकसान दिसलं ते उन्हाळी शिबिराला एकाहून जास्त वेळा गेलेल्या मुलांत.

असं का व्हावं? पुढे मॅककॉर्ड यांच्याबरोबर टॉमस डिशन आणि इतरांनी एक स्पष्टीकरण दिलं, आणि आता ते बरंचसं मान्य आहे. वांड पोरांना एकत्र कोंडलं की ती एकमेकांकडून शिकतात. कुणी आपल्या उचापतीची गोष्ट सांगतो, बाकीचे हसतात, ते हसणं हेच त्याचं बक्षीस. म्हणून ‘बिघडलेल्या मुलांसाठी खास शिबिर’ हा प्रकार ऐकायला कितीही समंजस वाटला तरी धोक्याचा. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रमही अमेरिकेत झाले. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं की त्याने गुन्हे कमी झाले नाहीत, वाढले. आपल्याकडे एखाद्या शाळेने ‘या पाच पोरांना जरा पोलीस चौकी दाखवून आणा’ म्हटलं तर हे आठवावं. आणि दुसरं, पोरं खूश आहेत आणि ‘फार छान वाटलं’ म्हणतात, एवढ्यावर कुठल्याही उपक्रमाचं यश मोजू नये.

आता टिकून राहणाऱ्या माणसाकडे येऊ. वस्तीत त्याला ताई किंवा दादा म्हणतात. एका मोठ्या माणसाची एका मुलाशी जोडी लावून देणारा अमेरिकेतला एक जुना कार्यक्रम आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली त्याचे आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले: जोडी किती काळ टिकली? वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांना स्वतःबद्दल आधीपेक्षा कमी वाटू लागलं. म्हणजे कुणी आलंच नसतं तर बरं होतं. ज्या मुलाला आधीच माणसं सोडून गेली आहेत, त्याच्या आयुष्यात आणखी एक दादा येऊन तीन महिन्यांत नाहीसा होतो तेव्हा मुलगा कारण स्वतःत शोधतो. ‘आमच्या कंपनीतले कर्मचारी शनिवारी येऊन मुलांना मेंटॉर करतील’ अशी योजना आली तर पहिला प्रश्न हाच विचारावा, पुढच्या पावसाळ्यात यातले कोण असणार?

हे माणूस शिक्षक असलं तर? याचं उत्तर आपल्याच देशातून मिळालं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला; निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, परिपाठात चर्चा, मुलांचे गट, एकट्याने बोलायची सोय, असा साधा ऐवज. काही शाळांत हे काम थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसाने केलं, काहींत शाळेतल्याच शिक्षकाने, आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. शाळेबाहेरच्या त्या स्थानिक माणसाच्या शाळांत मुलांमधली दादागिरी, मारामारी, उदासी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत विशेष काही झालं नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. वर्ग, पेपर, जनगणना, निवडणूक यांतून उरलेल्या वेळात हे काम होत नाही, आणि मार्क देणाऱ्या माणसाजवळ मुलं मनातलं बोलतीलच असंही नाही. हा ऐवज बाहेरून येऊन मिसळणाऱ्या, पण रोज दिसणाऱ्या माणसाकडून चालतो.

‘मुलांचा सहभाग’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी काढली, आणि खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच नकार दिला. मोठ्यांनी मुलांचा वापर करणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलायला देणं, या त्या तीन. पाडव्याच्या स्वागतयात्रेत चित्ररथावर उन्हात दोन-अडीच तास एकाच पोझमध्ये उभी असलेली मुलं बघा. दुसरी पायरी डोळ्यांसमोर येते. ‘बालसंसदेत’ पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलगी तिसऱ्या पायरीवर. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, दोन वर्षांत २४० तास सेवा हा तिचा नियम. तिच्यातून घडलेली माणसं ठाण्यात घरोघरी सापडतील. आणि केवळ दहा ग्रेस मार्कांसाठी हजेरी लावून गेलेलीही तितकीच सापडतील. दोघांच्या कॉलेजात फरक बहुधा एवढाच असतो की कुठल्या गावात शिबिर घ्यायचं आणि तिथे काय करायचं हे मुलांनी ठरवलं की प्राध्यापकांनी.

वरच्या पायऱ्यांवरची कामं आपल्या शहरांत झालेली आहेत, त्यासाठी अमेरिकेला जायला नको. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातल्या गोष्टींवर स्वतः नाटिका रचायच्या आणि ‘नाट्यजल्लोष’मध्ये करायच्या. तयार संहिता पाठ करून घेणं दिग्दर्शकाला केव्हाही सोपं. पण आपल्या चाळीतलं पाण्याचं भांडण रंगमंचावर कसं आणायचं यावर पंधरा पोरं पंधरा दिवस वाद घालतात, तेव्हा त्यांना ऐकून घेणं, माघार घेणं, आपलं म्हणणं पटवणं हे सगळं शिकावंच लागतं. याच संस्थेचा एकलव्य पुरस्कार कित्येक वर्षं चालू आहे. कामं करत, अडचणींतून दहावी पास झालेल्या मुलांना तो मिळतो. तिथे टक्क्यांची रांग लागत नाही. सिग्नलवर वाढणाऱ्या मुलांसाठी तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सुरू झालेल्या सिग्नल शाळेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खारघरला केंद्र असलेली ‘युवा’ ही संस्था १९८४ पासून वस्त्यांमध्ये काम करते, आणि तिच्या आधाराने चालणारं मुलांचं संघटन खेळाची जागा, स्वच्छतागृह, दिवाबत्ती असे प्रश्न स्वतः मांडतं. चौदा वर्षांच्या मुलीने महापालिकेच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, पोच घेतली, महिन्याने पुन्हा जाऊन विचारलं, आणि खांबावर दिवा लागला, तर नागरिकशास्त्राचा तो धडा ती विसरत नाही. दिवा लागला नाही तरी पोच कशी घ्यायची हे तिला कळलेलं असतं.

मुलींचा विषय आलाच आहे तर स्पष्ट बोलू. ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलेल्या बहुतेक उपक्रमांत सातवी-आठवीनंतर मुली दिसेनाशा होतात. कुणी त्यांना काढलेलं नसतं. वेळ संध्याकाळी सातची असते. मैदानावर शौचालय नसतं, असलं तर कुलूपबंद. जाताना नाक्यावरून जावं लागतं. घरी पाणी याच वेळेला येतं. आईला ताई कोण हे माहीत नसतं. यातलं काहीच ‘मुलींना आवड नाही’ या सदरात मोडत नाही, पण अहवालात तेच लिहिलं जातं. अनुभवी ताया काय करतात? आधी घरी जातात, चहा पितात, आईशी बोलतात; मुलीला येऊ द्या म्हणायच्या आधी दोन-तीनदा नुसत्या जाऊन येतात. वेळ साडेचार करतात. परत जाताना मुलींचा घोळका करून एकेकीला दारापर्यंत सोडतात. घर आणि उपक्रम यांची तोंडं एका दिशेला करणं, असं समितीने जे सांगितलं, ते वस्तीत असं दिसतं.

जागेचा प्रश्न दोन्ही शहरांत आहे, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. ठाणे आपोआप वाढत गेलं, त्यामुळे जुन्या वस्त्यांत मोकळी जागा म्हणजे गल्लीचं तोंड. नवी मुंबई सिडकोने, म्हणजे १९७० साली स्थापन झालेल्या महामंडळाने, ९५ गावांच्या जमिनीवर आखून बांधली. सेक्टरमध्ये मैदानं, उद्यानं नकाशात आहेत आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षातही. पण एमआयडीसीच्या कडेला वाढलेल्या झोपडपट्ट्यांतली पोरं त्या आखणीत कधी धरलेलीच नव्हती, आणि शेजारच्या सेक्टरच्या मैदानावर ती गेली की ‘तुम्ही कुठले?’ असा प्रश्न येतो. महापालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी आणि रविवारी रिकाम्या असतात. दिवे, नळ, शौचालय, कंपाउंड सगळं तयार. नवं युवा केंद्र बांधायचा प्रस्ताव आला की मला नेहमी वाटतं, आधी शेजारच्या शाळेच्या वॉचमनचा ओव्हरटाइम भरा.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट भिडेपोटी टाळली जाते. मुलांजवळ जायला मिळतं म्हणून अशा कामात शिरणारी माणसंही असतात. म्हणून दार बंद करून एका मोठ्याने एका मुलाबरोबर बसायचं नाही, मुक्कामी शिबिरात बाई कार्यकर्ती असल्याशिवाय मुलींना न्यायचं नाही, नव्या स्वयंसेवकाची चौकशी केल्याशिवाय त्याला गट द्यायचा नाही, हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत, आणि मुलांनाही ते माहीत हवेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की ते पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

मुलाला एखाद्या उपक्रमात घालणारे पालक किंवा देणगी द्यायला निघालेली सोसायटी यांनी काय बघावं? किती मुलं येतात हा आकडा सगळेच सांगतात. त्याऐवजी असं विचारा की गेल्या वर्षी आलेल्यांपैकी यंदा किती येतात, आणि आधी शिकायला आलेल्यांपैकी आता कुणी शिकवतं का. कपाटाची किल्ली कुणाकडे असते? ती सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीकडे असेल तर तिथे बरंच काही ठीक चाललंय. मागच्या सहा महिन्यांत मुलांच्या म्हणण्यावरून काय बदललं, हे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. शाळेनंतरच्या कार्यक्रमांवरचे अनेक अभ्यास जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एकत्र तपासले. जिथे कौशल्य पायरीपायरीने, हाताने करून, पुरेसा वेळ देऊन आणि नेमकं काय शिकायचं ते ठरवून शिकवलं जात होतं, तिथेच मुलांत बदल दिसला. जिथे या चारांपैकी काही सुटलं, तिथे मुलं येऊन-जाऊन होती, एवढंच.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असा नियम २०१४ पासून लागू आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कंपन्यांची कमी नाही. पण हा पैसा बहुधा मार्च ते मार्च चालतो, आणि दिसणाऱ्या वस्तूंवर जातो. संगणक, बॉल, भिंतीवरची चित्रं, लोगोची टोपी. ताईचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून सगळ्यात आधी कापला जातो. मग ती दहा-बारा महिन्यांनी दुसरी नोकरी धरते, संगणक धूळ खातात, आणि पुढच्या वर्षी नव्या ताईला मुलांची नावं पाठ करण्यापासून सुरुवात करावी लागते. देणगीदाराने एकच अट घालावी: जी दोन माणसं मुलांबरोबर रोज असणार आहेत, त्यांचा तीन वर्षांचा पगार आधी बाजूला काढा. संगणक दुसऱ्या वर्षी घेतले तरी चालतील.